सेबाच्या बरण्या आणि एक हाक

आमच्या घरात दोन बायका आहेत आणि तीन मुली. दोन मुली माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, एक नऊ वर्षांची आणि एक सहा. तिसरी माझी. मी ज्या रविवारचं सांगणार आहे त्या दिवशी ती पावणेदोन वर्षांची होती. ती जाऊबाईंना आई म्हणत होती आणि मला काऊ.

याचं कारण साधं आहे. दोघी मोठ्या मुली त्यांच्या आईला आई म्हणतात आणि मला काकू. लहान मूल जे ऐकतं तेच उचलतं. तिला काकू नीट म्हणता येत नव्हतं, म्हणून काऊ. पांढुर्ण्यात, म्हणजे मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या आमच्या गावात, एकत्र राहणारी घरं अजून बरीच आहेत आणि अशा घरांत हे होत आलेलं आहे. आमच्या मागच्या गल्लीत चाळिशीतला एक किराणा दुकानदार आहे. तो आपल्या सख्ख्या आईला आजही वहिनी म्हणतो, कारण तो लहान असताना घरातले तिन्ही काका तिला वहिनी म्हणत. त्याला कोणी हसत नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ही गोष्ट फार आवडली होती आणि नागपूरच्या ऑफिसात मी ती दोनतीनदा रंगवून सांगितलीही होती.

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा मी कामावर परत गेले. वर्तमानपत्राचं काम, डेस्कवरचं. आठवड्यातून चार दिवस सकाळच्या गाडीने नागपूर, संध्याकाळी परत. सासूबाई नाहीत. मुलीला दिवसभर जाऊबाई सांभाळत. तिचा पहिला शब्द मी ऐकला नाही. तो एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आला. तेव्हा मी नळयोजनेच्या एका बातमीतली वाक्यं तोडत बसले होते. जाऊबाईंचा फोन आला.

"सौंसरवाली, तुही पोट्टी बोलली व! आई म्हणे, आई!"

माझं माहेर सौंसरचं, त्यांचं मोहगावचं. सासरचे थोरले लोक सुनांना माहेरच्या गावाने हाक मारतात, जाऊबाईंनीही मला पहिल्या दिवसापासून तीच हाक लावली. मी त्यांना ताई म्हणते.

मी फोन ठेवला आणि आजूबाजूच्या चौघांना सांगितलं. कोणीतरी खालून समोसे मागवले. संध्याकाळी घरी आल्यावर मी सवयीने पुढचे प्रश्न विचारले. कुठे म्हणाली? स्वयंपाकघरात. कोण होतं? ताई आणि धाकटी. कोणाकडे बघून म्हणाली?

ताई हसल्या. "आता कोनाकडे पाहून म्हनन? माह्याकडेच. या दोघी दिवसभर आई आई करत राह्यतात ना."

त्या दिवसापासून मी एक गोष्ट स्वतःला सांगत आले, की मी घरी नसते म्हणून हे असं आहे. मग डेस्कने पानं घरून तपासायची परवानगी दिली आणि माझं नागपूर बंद झालं. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर पानं बघू लागले. मुलगी दिवसातून दहा वेळा खोलीत यायची, काऊ म्हणायची, की-बोर्डवर हात मारायची आणि भूक लागली की "आई, आई" करत स्वयंपाकघराकडे पळायची. मी घरी असण्याला तीन महिने झाले. कारण गेलं, शब्द मात्र तसाच राहिला.

त्या तीन महिन्यांतल्या एका शनिवारी आम्ही सगळे जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो होतो. बाहेर माळा विकणारी एक बाई मुलीशी बोलू लागली. "तुही आई कोनती व?" तिने विचारलं. मुलगी माझ्या कडेवर होती. तिने माझ्या खांद्यावरून हात लांब करून ताईंकडे बोट दाखवलं. बाई ताईंना म्हणाली, "तुमच्यावरच गेली व. नाक पाह्य ना." ताई हसल्या आणि माळ घेतली. त्यांनी तिला खरं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. पण माझ्या न सांगण्याचा मी पुढे कधी विचार केला नाही, त्यांच्या न सांगण्याचा बराच केला. गाडीत बसल्यावर मी ताईंचं नाक बारकाईने पाहिलं. तसं काही नव्हतं.

सेब आले ते दिवाळीनंतर. आमचं घर संत्र्याच्या व्यापारातलं. आंबिया बहाराची संत्री निघू लागली की इथून ट्रक दिल्लीकडे जातात, आणि त्या वर्षी परत येताना एका ड्रायव्हरने तिथल्या आडत्याची भेट म्हणून सेबाच्या दोन पेट्या आणल्या. वर्तमानपत्रात मी आयुष्यभर सफरचंद लिहीत आले, पण पांढुर्ण्याच्या बाजारात सफरचंद मागितलं तर भाजीवाली दोन क्षण थांबते. इथे सेबच. वाटेत पेट्यांना मार बसला होता. निम्म्या फळांवर तपकिरी डाग होते आणि ती दहा-बारा दिवसांहून जास्त टिकली नसती. दोन दिवस सगळ्यांनी खाल्ले, शेजारी वाटले, तरी पेट्या रिकाम्या होईनात. मी ठरवलं की बरण्यांत भरायचे. मुरंबा नाही, साध्या हलक्या पाकात फोडी, उकळत्या पाण्यात बरणीबंद केलेल्या, वर्षभर टिकणाऱ्या. पद्धत मी व्हिडिओवरून उतरवून घेतली होती. टोपण आतून खेचलं जाऊन बसतं अशा नव्या बरण्या नवऱ्याने नागपूरहून आणल्या.

एक गोष्ट मात्र मी घरात सांगितली नव्हती. मुलीला सेब फार आवडले होते. पेट्या आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी तिला आतल्या खोलीत घ्यायची, दार लोटायची आणि फोड समोर धरायची. दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवायची. "आई म्हण. आई. मग सेब." पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी तिने काऊ म्हटलं आणि मी फोड दिली नाही. चौथ्या दिवशी तिने आई म्हटलं. मी फोड दिली. नंतर ती दरवेळी म्हणू लागली आणि मला वाटलं काम झालं.

रविवार मी मुद्दाम निवडला. त्या दिवशी ताई मुलींना घेऊन मोहगावला भावाकडे जाणार होत्या. पुरुष मंडीत. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात मी आणि मुलगी, आणि दिवसभर आई म्हणायला दुसरं कोणी नाही. माझा हिशेब असा होता की एक पूर्ण दिवस मिळाला तर शब्द जागेवर बसेल.

सकाळी आठला ताईंच्या भावाचा फोन आला की तेच लोक नागपूरला निघालेत, पुढच्या आठवड्यात या. ताईंनी पदर कमरेला खोचला आणि स्वयंपाकघरात आल्या.

"बरं झालं बावा. एवढे सेब एकटीनं कवा सोलले असते तू?"

मी म्हटलं, "तुम्ही आराम करायचा ना ताई, एक तर रविवार."

"आराम काय करू? एवढा कोनता बोजा आहे माह्या डोक्यावर?"

त्या पाटावर बसल्या, पेटी जवळ ओढली आणि सोलायला लागल्या. ताईंसारखं सोलणं मी आजपर्यंत दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. सुरी एका जागी, फळ फिरतं, आणि साल एका तुकड्यात, सलग, लांब वेटोळं होऊन खाली येते. पहिली साल त्यांनी मुलीच्या गळ्यात घातली. ती खुश झाली. "आई! आई!" करत तिने दुसरी मागितली. मग डोक्यावर, मग दोन्ही हातांत. मी सोलत होते त्या सालींचे तुकडे पडत होते. मुलीने त्यातला एक उचलून पाहिला आणि ठेवून दिला.

काम मी वाटून दिलं होतं, म्हणजे कागदावर लिहून फ्रिजला लावलं होतं. सोललेल्या फोडी लिंबू-मिठाच्या पाण्यात, म्हणजे काळ्या पडत नाहीत. पाक एका गॅसवर. दुसऱ्या गॅसवर मोठा गंज, म्हणजे खोल पातेलं, तळाला जुनं कापड, त्यात पाणी. फोडी पाकात पाच मिनिटं, गरम बरणीत गरम भरायच्या, वर बोटभर जागा सोडायची, तोंड पुसायचं, टोपण, मग गंजात पंचवीस मिनिटं. बाहेर काढलेली बरणी दुमडलेल्या टॉवेलवर ठेवायची, गार जागेवर नाही. ही शेवटची सूचना मी लाल पेनाने लिहिली होती.

ताईंनी कागद वाचला. "सौंसरवालीचा सैपाक घड्याळावर शिजते."

"टिकायचं असेल तर वेळ पाळावी लागते."

"पाक हाताले कळते. मोबाइलले नाई कळत." त्यांनी चमच्यावर पाक घेतला, दोन बोटांत चेपला आणि नाक मुरडलं. "पानीच आहे हे. दुकानाचं सरबत."

"हा असाच हवा, ताई. मुरंबा नाहीये हा."

"नाई ना. मुरंबा असता तं टिकला असता."

मोठ्या दोघी मधूनमधून येत होत्या, फोडी पळवत होत्या. मुलगी ओट्याखाली डबे आणि पळ्या घेऊन बसली होती. पहिल्या खेपेच्या बरण्या टॉवेलवर गार होत होत्या आणि पहिलं टोपण टक करून आत बसलं. मुलगी दचकली, मग हसली. "टक," ती म्हणाली. पुढचं टोपण वाजेपर्यंत ती तोंड उघडं ठेवून थांबली. वाजल्यावर तिने ताईंकडे पाहिलं. टोपणं माझी होती, बरण्या माझ्या होत्या, पद्धत माझी होती. तिने ताईंकडे पाहिलं.

अकराच्या सुमाराला ती उठली आणि माझ्याकडे आली. मी फोडींच्या परातीजवळ उभी होते. तिने मान वर केली, हात उंच केला आणि स्वच्छ म्हणाली, "आई."

ताई समोर होत्या, हे मी आधी पाहिलं. मग मी खाली वाकले आणि तिला उचलायला हात पुढे केले. तिने माझा हात बाजूला सारला, परातीच्या काठाला धरून टाचा उचलल्या आणि पुन्हा म्हणाली, "आई. आई."

"काय म्हनते ती?" ताईंनी विचारलं.

मोठी पुतणी दारात होती. तिने पाहिलं, विचार केला, पुढे येऊन परातीतली एक फोड उचलली आणि मुलीसमोर धरली. "हे काय आहे?"

"आई."

टोपलीतला कांदा धरला. मुलगी गप्प. पुन्हा फोड. "आई!"

"आई," पुतणी किंचाळली, "हे पाह्य, ही सेबाले आई म्हनून राहिली!"

ताई अशा हसल्या की सुरी खाली ठेवावी लागली. धाकटी धावत आली, तिलाही दाखवण्यात आलं. एक अख्खा सेब आणला, तोही आई. सालीचा तुकडा, तोही आई. "म्हंजे मी सेब!" ताई डोळे पुसत म्हणाल्या. "पाह्य व, मी सेब अन् तू काऊ. सेब खाते काऊ!" धाकटीने हातांचे पंख करून कावकाव सुरू केलं. मुलगीही पंख हलवू लागली, माझ्याकडे बघून.

मीही हसले. हसायला हवं होतं.

मग मोठीने ते सांगितलं. तिचा हेतू वाईट नव्हता. ती हुशार मुलगी आहे आणि तिला कारण सापडलं होतं. "काकूंनीच शिकवलं न तिले. रोज सकाळी दार लावून म्हनतात, आई म्हण आई म्हण, अन् सेब देतात. मी ऐकलं."

ताईंचं हसणं थांबलं. लगेच नाही, हळूहळू, गॅस बारीक केल्यासारखं. त्यांनी मोठ्या दोघींना अंगणात पाठवलं. माझी मुलगी पुन्हा ओट्याखाली जाऊन बसली. सुरी उचलली, एक सेब घेतला, सोलायला सुरुवात केली.

"कायले शिकवत होती व?"

"बोलायला."

"दार लावून?"

मी गॅसकडे वळले. गंजातलं पाणी उकळत होतं. घड्याळात सात मिनिटं उरली होती.

"मी नाई शिकवलं तिले काई," ताई म्हणाल्या. "मले आई म्हण म्हनून एकदा बी नाई म्हटलं. पोरींची शपथ."

"शिकवलं नाही. पण दुरुस्तही केलं नाही."

त्या थांबल्या. साल तुटली. सकाळपासून तुटलेली ती पहिली.

"जामसांवलीचं म्हनून राहिली तू."

मला वाटलं होतं की ते फक्त माझ्या लक्षात आहे.

"मले बरं वाटलं म्हनून नाई बोलली," त्या म्हणाल्या. "थ्या बाईनं म्हटलं, अन् मले बरं वाटलं. बस. तुह्यापासून हिसकून नाई घेतलं काई."

"बरं वाटलं म्हणूनच तर," मी म्हटलं.

हे मी बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. ते खरं होतं. मी घरी येऊन तीन महिने झाले होते, मी तिला रात्री झोपवत होते, तिची नखं कापत होते, ताप आला की जागत होते, आणि भूक, दुखणं, आनंद या तिन्हींसाठी तिचा शब्द एकाच बाईकडे जात होता. त्या बाईला आधीच दोन मुली होत्या, आई म्हणणाऱ्या. मला वाटत होतं, दोन तोंडं पुरेशी नाहीत का? ताईंचं नाक, ताईंची साल, ताईंचा बोटांत कळणारा पाक, सगळं मला त्या वेळी एकाच गोष्टीचा भाग वाटत होतं. मी काही बातमी लिहीत नव्हते, त्यामुळे दुसरी बाजू घेणं मला बंधनकारक नव्हतं.

घड्याळ वाजलं. मी सांडशी घेतली आणि बरण्या बाहेर काढू लागले. पहिली टॉवेलवर. दुसरी टॉवेलवर. तिसरी बाहेर काढताना ताई काहीतरी म्हणाल्या, मी मान वळवली आणि बरणी ठेवली ती नळाजवळच्या ओल्या ग्रॅनाइटवर.

आवाज मोठा झाला. बरणी उभी चिरत फुटली, पाक ओट्यावरून खाली आला, काच फरशीवर सगळीकडे. मुलगी ओट्याखालून बाहेर आलेली होती. मधोमध उभी, अनवाणी, हातात पळी. तिच्याभोवती काच आणि वाफाळता पाक पसरत होता. ताई तिच्यापासून दोन पावलांवर पाटावर. मी ओट्याच्या टोकाला, चार-पाच पावलांवर.

"हलू नको व! हलू नको माय!" ताई ओरडल्या. त्या उठल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "हात दे, मी उचलते तुले. हात दे."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पळी टाकली, मान फिरवली, दोन्ही हात माझ्या दिशेने वर केले आणि ओरडली, "काऊ! काऊ!"

ती ओरडली तसं मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. मी चालत गेले, तिला उचललं आणि बाहेर अंगणात नेलं. तिचे पाय पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, फ्रॉक उचलून पोट पाहिलं. तिला काही झालेलं नव्हतं. एका पायावर पाकाचा एक थेंब होता, गार झालेला. ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडत होती आणि मधूनमधून तोच शब्द म्हणत होती. माझ्या टाचेत काच गेली आहे हे मला अंगणातल्या फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं.

ताईंनी आधी स्वयंपाकघर झाडलं, दोनदा, मग ओल्या फडक्याने पुसलं. मग हळद आणि चिमटा घेऊन अंगणात आल्या. माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला. मुलगी माझ्या मांडीवर झोपून गेली होती. बराच वेळ त्या काच शोधत होत्या.

"मी जवळ होती तिच्या," त्या खाली बघत म्हणाल्या.

"हो."

"हात पुढे केले होते मी."

"हो, ताई."

काच निघाली. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली, कागदात गुंडाळली, हळद दाबली. बोटं थोडी जोरात दाबली गेली असं मला वाटलं. ते तसं नसेलही.

मला आनंद झाला होता. तो लपवायचा मी प्रयत्न केला आणि तो जमला असं मला वाटत नाही. गेले कित्येक महिने मी ज्याचा राग करत होते तो शब्द तिने जीव घाबरल्यावर माझ्यासाठी वापरला होता. तो दुसऱ्या कोणाचा शब्द नव्हता. तिच्या लेखी तो माझा होता, पूर्ण माझा. ताईंचे हात रिकामे राहिले होते, आणि ते दृश्य मी त्या दुपारी मनात किती वेळा फिरवून पाहिलं ते इथे लिहायला नको. मी ते काही दया म्हणून पाहत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत पानं तपासत होते. बाहेर ताई मुलींना शाळेसाठी तयार करत होत्या. त्यांचा आवाज हळू होता, पण दार उघडं होतं.

"आजपासून काकूले काकू नाई म्हनायचं. हिच्यासमोर तं अजिबात नाई. काकूले छोटी आई म्हना. मले मोठी आई."

"पन तू तं आई आहे," धाकटी म्हणाली.

"आहे न. मोठी म्हटलं तं काय कमी होते का? हिले कळाले पायजे ना, हिची आई कोनती."

"छोटी आई," मोठीने म्हणून पाहिलं. तिला ते गमतीचं वाटलं. "छोटी आई, माही वेणी! छोटी आई, डबा!"

"हो, तसंच."

मला आठवतं की माझ्या हातात एका पानाचं शीर्षक अर्धवट राहिलं होतं. मी उठले. टाच टेकववत नव्हती. लंगडत स्वयंपाकघराच्या दारात गेले. मुलगी ताईंच्या कडेवर होती, मोठीच्या तोंडाकडे बघत, ओठ हलवत. तिचा काहीतरी नवीन म्हणायचा विचार चालू होता.

"काकूच म्हणा," मी म्हटलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कायले?" ताई म्हणाल्या. "तुलेच तं पायजे होतं हे. दार लावून लावून शिकवत होती."

"आता नको."

"काल एकदा हाक मारली तं आता नको?"

"हो."

मी दुसरं काही खोटं सांगू शकले असते. गोंधळेल ती, हळूहळू शिकेल, मोठी झाली की आपोआप म्हणेल. दुकानदाराचं उदाहरणही देता आलं असतं. पण मुलीचे ओठ हलत होते, आणि नवा शब्द एकदा तोंडात बसला की जुना जातो, हे मला दिसत होतं. आई हा शब्द घरात तीन जणींना वाटून मिळाला असता, मोठी, छोटी, आणि वर सेब. मला त्यातला वाटा नको होता.

ताईंनी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग मले आई म्हनन ती. रोज. चालन तुले?"

"नाही चालणार," मी म्हटलं. "पण म्हणू द्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वर्षानुवर्षं एका चुलीवर स्वयंपाक करूनही आम्ही एकमेकींकडे फार वेळा असं पाहिलेलं नाही. मोठीने वेणीची रिबन हातात धरून ठेवली होती आणि ती कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती.

"काल तिनं काऊ म्हनून आरोळी मारली तवा," ताई म्हणाल्या, "मी दोन पावलावर होती. दोन पावलावर, सौंसरवाली. मले बी नाई चालत तुहं काऊ, पाह्य."

त्यांनी मुलीला माझ्याकडे दिलं नाही. माझ्याकडे वेणीसाठी मोठी मुलगी ढकलली, फणी तिच्या हातात देऊन, आणि मुलीला कडेवर घेऊन डबे भरायला वळल्या. मी दारातच पायरीवर बसून वेणी घातली. स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज येत होता, आई, आई, आणि त्या दरवेळी ओ देत होत्या.